रय्या गेली

तिसरी उलटी होडी मागे पडली तेव्हा झुवैनाने पायातल्या चपला काढल्या, एकीत एक अडकवून काखेत धरल्या आणि मला म्हणाली, "सिस्टर, तुझे ते बूट काढ. ओली वाळू बूट सोडत नाही."

"आणि शिंपल्या पाय कापतात त्याचं काय?"

"कापलेलं भरून येतं. चल."

लशीची निळी पेटी तिच्या डोक्यावर होती. पेटीला खांद्यावर अडकवायचा पट्टा होता, पण तशी धरली की ती मांडीवर आपटते आणि आतलं सगळं हिंदकळतं, असं झुवैनाचं म्हणणं. डोक्यावरची पेटी हलत नव्हती हे खरं. खाली झुवैनाचं काहीच एका जागी नव्हतं. पाय तर नव्हतेच, डोळेसुद्धा नव्हते. कधी समुद्राकडे, कधी सूर्याकडे, कधी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

"किती वाजले?"

"एक वाजून दहा मिनिटं."

"मघाशी पण एकच वाजला होता."

"मघाशी म्हणजे दहा मिनिटांपूर्वी, उम्म खलफान." खलफानची आई, अशी तिला सगळे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत.

दुपारच्या नमाजाची वेळ होऊन गेली होती म्हणून मी थांबले. मला वाटलं, ती आता सावली बघून रुमाल अंथरेल. ती थांबली नाही. म्हणाली, "प्रवासात आहे मी. पुढची आणि ही एकत्र पढेन."

"साडेचार मैलांचा प्रवास?"

"माझ्या वयाला आणि या उन्हाला एवढा प्रवास पुरतो. अल्लाहला सगळं मोजून दाखवावं लागत नाही."

आमची गाडी मागे खाजणात रुतली होती. आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर हमदान चाकांखाली फळ्या सारत बसला होता. गाडी रुतली तेव्हा त्या दोघांचं जे भांडण झालं ते आठवून मला त्या उन्हातही हसू येत होतं. हमदान म्हणाला, "तू पुढच्या सीटवर बसलीस म्हणून पुढचं चाक गेलं." झुवैना म्हणाली, "चाक माझ्या वजनाने नाही, तुझ्या डोळ्यांमुळे गेलं. रस्ता सोडून तू जाळ्यातली सुरमई बघत होतास." मग तिने पेटी उचलली आणि चालायला लागली. हमदान ओरडला, "अगं, अर्धा तास थांब, काढतो मी गाडी!" तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

ती का थांबेना, हे सांगायला त्या सकाळपर्यंत मागे जायला हवं.

तो रविवार होता. अकरा वाजत आले होते. पलीकडच्या किनाऱ्यावरून लाँचने लग्नाला आलेली एक बाई आपलं वर्षाचं मूल घेऊन आली. मुलाचे डोळे लाल, नाक वाहतं, कानामागून तोंडावर उतरलेलं पुरळ. आमचे डॉक्टर मुतवक्किल सुदानचे. बोलायला अगदी मऊ माणूस, पण त्यांनी त्या मुलाच्या गालाच्या आत बॅटरी मारली आणि त्यांचा आवाज बदलला. गोवर. आमच्या या बंदराच्या गावात तीन वर्षांत गोवर आला नव्हता.

"लग्न कधी होतं?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी. संध्याकाळी."

"तिथे याच्याजवळ कुणाची मुलं होती?"

बाईने नावं सांगितली. मी रजिस्टर उघडून एकेकापुढची खूण बघत गेले. सगळ्यांची टोचणी झालेली होती. मला बरं वाटत होतं, आणि झुवैना तर फरशी पुसता पुसता मान डोलवत होती, कारण यातलं एकेक मूल तिने घरी जाऊन, आयांना हाताला धरून आणलेलं होतं. शेवटी बाई म्हणाली, "आणि गालियाची मोझा. दहा महिन्यांची. दोघं एकाच पाळण्यात झोपली होती."

झुवैनाचा हात थांबला. "गालिया कुठली?"

"उम्म सिदर वस्तीवरची. ओबैदची बायको."

"तिला मोझा नाही," झुवैना म्हणाली. "तिला एकच होती, रय्या. ती गेली."

"मग मी पाळण्यात कुणाला ठेवलं?" बाई म्हणाली. "दोन दात आहेत तिला. माझ्या ओढणीचा काठ चावून ठेवला."

मी रजिस्टरची पानं उलटली. रय्या बिन्त ओबैद, म्हणजे ओबैदची मुलगी. पहिले तीन डोस वेळेवर. गोवराच्या रकान्यात काही नाही, आणि समोर मीच लाल शाईने लिहिलेलं, गेली. खाली तारीख, मागल्या महिन्याची. हे मी झुवैनाच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. केंद्रात तीनदा न आलेल्या मुलांची यादी तिच्याकडे असे. ती घरोघर जाऊन येई आणि काय ते सांगे, मी लिहून घेई.

झुवैना बाकावर बसली. नऊ वर्षांत मी तिला कामाच्या वेळात बाकावर बसलेली पाहिली नव्हती. फडक्यातलं पाणी तिच्या मांडीवर गळत होतं. मग तिने एकच वाक्य म्हटलं, स्वतःशीच.

"नाव जड झालं असणार."

मला कळलं. या देशात राहून मला अकरा वर्षं झाली होती, एवढं मला ठाऊक होतं. मूल सारखं आजारी पडायला लागलं, रात्रंदिवस किरकिर करायला लागलं, की घरातली म्हातारी म्हणते, याला नाव पेलत नाही. मग नाव बदलतात. जुनं नाव घरात कुणी उच्चारायचं नाही. बाहेरच्या कुणी विचारलं तर ते मूल गेलं म्हणून सांगायचं, म्हणजे त्याच्या मागे जे काही लागलेलं असेल ते वाट चुकतं.

डॉक्टर म्हणाले, "संसर्ग झाल्यापासून बहात्तर तासांत लस पडली तर पुष्कळ वेळा आजार टळतो. आज संध्याकाळपर्यंत. त्यानंतर मी काही सांगू शकत नाही."

झुवैना तेव्हाच उभी राहिली होती.

चालताना ती दर थोड्या वेळाने म्हणे, "बर्फ बघ."

"पेटी उघडली की गारवा जातो. हे तूच सगळ्यांना शिकवतेस."

"मग न उघडता बघ."

मी पेटीला हात लावून बघे आणि म्हणे, गार आहे. माझ्या खिशात जपाची माळ होती. मी दुसऱ्या हाताने मणी ओढत होते. ओठ हलले असावेत, कारण ती एकदम म्हणाली, "तुझ्या देवाला सांग, ओहोटी थोडा वेळ अशीच ठेव. पुढच्या खाडीतून गुडघाभर पाण्यातनं जाता येईल. भरती लागली तर वळसा पडेल."

"तू पण सांग ना."

"मी निघाल्यापासून सांगते आहे. दोन ठिकाणांहून गेलं तर बरं."

झुवैनाचं वय किती ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. ज्या साली टोळ आले होते त्या साली आपण जन्मलो, एवढं तिला आईने सांगितलं होतं. लग्न झालं तेव्हा तिला न्हाण आलेलं नव्हतं. नवरा मासे मारायला जाई. एकदा गेला तो आठ महिन्यांनी आला, एकदा गेला तो आला नाही. केंद्र उघडलं तेव्हा सफाईला बाई हवी होती, म्हणून ती लागली. डॉक्टरांच्या आधीच्या डॉक्टरांना कळेना, की पत्ते नसलेल्या या गावात न आलेली मुलं शोधायची कशी. झुवैनाने फरशी पुसता पुसता सांगितलं, "हमीदची मुलगी ना? निळ्या दाराशेजारी, ज्यांचं गाढव विहिरीत पडलं होतं त्यांचं घर." दुसऱ्या दिवसापासून यादी तिच्याकडे आली.

यादी वाचता यावी म्हणून ती प्रौढ वर्गात बसली. तेव्हा तिला नातू झाला होता. ती मला सांगे, "पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, काय शिकायचंय? बाकीच्या म्हणाल्या, कुराण वाचायचंय. मी म्हटलं, मला पंचेचाळीस नावं वाचायची आहेत. बाई हसल्या. मी म्हटलं, कुराण मला पाठ आहे थोडं. ही नावं पाठ नाहीत, दर महिन्याला बदलतात."

तिचं अक्षर मोठं आणि खाली उतरत जाणारं. एका पानावर चारच नावं मावत. ती बसून कधी लिहीत नसे. भिंतीला कागद लावून उभ्यानेच लिही. कहवासुद्धा उभ्यानेच पिई. कुणी म्हटलं, अगं बस की, तर म्हणे, "तळव्यात मुंग्या आहेत माझ्या. बसले की चावतात."

खाडीजवळ आलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. अबाया कमरेला खोचून ती पेटी दोन्ही हातांनी धरून उतरली. मध्यावर पोचल्यावर थांबली. मला वाटलं, पाय रुतला.

"काय झालं?"

"मला कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. पाणी तिच्या भोवतीने चाललं होतं. "दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल. मला कळायला पाहिजे होतं."

"कुणाचीही चूक झाली असती."

"कुणाचीही नाही. माझी नसरा होती."

 तिला चार मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी, एवढंच मला माहीत होतं. नसरा हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

ती पुन्हा चालायला लागली आणि चालता चालता सांगत गेली, पुढे बघत, जणू मी नव्हतेच. बंदरात तेव्हा डॉक्टर नव्हता. नसरा अडीच वर्षांची. ताप आला, अंगभर पुरळ उठलं. नवरा समुद्रावर होता. तिसऱ्या दिवशी सासूने सांगितलं, नसरा हे नाव हिला जड आहे. शेळी कापली, नाव ठेवलं थुरैया. शेजारणी विचारायला आल्या तर झुवैनाला दारात उभं राहून सांगायचं होतं, नसरा गेली. तिने सांगितलं. तीन दिवस सांगत होती. सहाव्या दिवशी पोर खरंच गेली.

"मग पुन्हा त्याच बायका आल्या," झुवैना म्हणाली. "मी म्हटलं, गेली. त्यांना वाटलं, अजून तेच चाललंय. एकजण तर हसली सुद्धा."

खाडी संपली. तिने अबाया सोडली, पिळली.

"मग काही महिन्यांनी शहराकडून एक बाई आली. वही घेऊन. घरातली मेलेली मुलं मोजत होती. कधी, कशाने, ओकली का, जुलाब झाले का. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. नीट आठव म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी आत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून मी कुठल्या बाईला हे दुसऱ्यांदा विचारत नाही, सिस्टर. एकदा ती म्हणाली गेली, की मी मान खाली घालते, दुआ करते आणि निघते. गालियाकडेही तेच केलं. कहवा पण घेतला नाही. आत पोरगी झोपलेली असणार. चार पावलांवर."

तिच्या कानाला 'गेली' या शब्दाचा एकच अर्थ उरला होता. हे मला तिथे, त्या वाळूत, ओल्या कपड्यांनी उभं असताना समजलं. पण तिला म्हणून काय सांगायचं? मी म्हटलं, "अडीच वाजले."

"चल," ती म्हणाली.

उम्म सिदर म्हणजे बोरीची आई. बोरीचं एक म्हातारं झाड आणि त्याभोवती अकरा घरं. गालिया दारातच होती, मासे सुकत टाकत होती. वीसेक वर्षांची. आम्हाला बघून तिने हात धुतले आणि हसत पुढे आली. "या, या! सिस्टर चालत? हमदानला काय झालं?"

"पोरगी कुठे आहे?" झुवैनाने विचारलं. सलाम नाही, तब्येत नाही, काही नाही.

गालियाचा चेहरा उतरला. "आत आहे. का?"

"ताप?"

"नाही. का, काय झालं?"

तिची सासू, उम्म ओबैद, दारात येऊन उभी राहिली. काठी टेकलेली, पण ताठ. तिने झुवैनाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओली अबाया, अनवाणी पाय, डोक्यावर पेटी.

"मागल्या महिन्यात तू येऊन तिला पुरून गेलीस," म्हातारी म्हणाली. "आता सुई टोचायला आलीस होय?"

गालिया गोंधळून झुवैनाकडे वळली. "तुम्ही म्हणालात ना, अल्लाह तिला सुखात ठेवो? मला वाटलं, तुम्हाला कळलं. तुम्ही आमच्यातल्याच. तुम्हाला काय समजावून सांगायचं, म्हणून मी बोलले नाही."

"नाही कळलं," झुवैना म्हणाली. "माझी चूक. आण तिला."

मी लग्नातल्या मुलाचं सांगितलं, गोवराचं सांगितलं, संध्याकाळपर्यंतची वेळ सांगितली. गालिया ऐकून तशीच आत धावली. म्हातारी मात्र दारातून हलेना. मी खांद्यावरची पिशवी उघडून केंद्रातलं तिचं पिवळं कार्ड काढलं आणि सवयीने नाव वाचलं, "रय्या बिन्त..."

काठी माझ्या हातावर आली. जोरात नाही, पण आली.

"ते नाव या घरात नको. चाळीस दिवस पोरीने डोळा मिटला नव्हता. नाव टाकलं त्या दिवशी झोपली. तू ते परत आणू नकोस."

"आजी, मागचे तीन डोस याच कार्डावर आहेत. नवीन कार्ड केलं तर..."

"नको म्हणजे नको. त्या नावाची सुई मोझाला नको."

गालिया पोरीला घेऊन मधेच अडकली होती. पोरगी गुटगुटीत, डोळ्यांत सुरमा, तोंडात स्वतःची मूठ. माझ्याकडे बघून तिने मूठ बाहेर काढली आणि पुन्हा आत घातली. वेळ निघून चालला होता. मी झुवैनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हातारीला फटकारणार.

झुवैनाने पेटी खाली ठेवली आणि जमिनीवर बसली. उम्म ओबैदच्या पायाशी, मांडी घालून.

"उम्म ओबैद," ती म्हणाली, "मीही नाव बदललं होतं. नसराची थुरैया केली. तुला आठवतं. तू आली होतीस."

म्हातारीचे ओठ हलले. "आले होते."

"तुझ्या म्हणण्याविरुद्ध मी काही म्हणत नाही. नाव जड होतं, तू उतरवलंस, पोर झोपली, चांगलं केलंस. पण हा जो आजार आहे ना, त्याला नाव विचारायची सवय नाही. माझ्या घरी दोन्ही नावं ठाऊक होती त्याला." ती थांबली. "कार्ड मुकं असतं. सिस्टर ते वाचणार नाही. पिशवीत ठेवूनच खूण करेल. मोझाला सुई मोझा म्हणून पडेल. मी इथे बसते. मी उठेपर्यंत तू विचार कर. पण माझ्या तळव्यांत मुंग्या आहेत, तुला ठाऊक आहे, मी फार वेळ बसत नाही."

म्हातारीने एकदा पोरीकडे पाहिलं. मग काठी बाजूला घेतली. "डाव्या हाताला टोच," ती मला म्हणाली. "उजव्या हाताने ती खाते."

लस मिसळताना पाहिलं, पेटीतला बर्फ जवळपास पाणी झाला होता, पण पाणी अजून थंड होतं. पोरगी रडली. झुवैनाने तिच्या दंडावर फुंकर घातली आणि म्हणाली, "रड, रड मोझा. चांगलं रडतेस." सव्वातीन वाजले होते. मग कहवा आला, खजूर आले. झुवैनाने दोन घोट उभ्यानेच घेतले आणि बोरीखाली जाऊन दोन्ही नमाज एकत्र पढली.

परत जाताना हमदान अर्ध्या वाटेत भेटला. गाडी निघाली होती. तो काही चिडवायला तोंड उघडत होता, तिच्याकडे बघून त्याने ते मिटलं आणि तिला पुढची सीट दिली.

त्यानंतरचे पंधरा दिवस केंद्रात कुणालाही सुख नव्हतं. गोवर यायचा असेल तर सुमारे दहाव्या दिवशी ताप, चौदाव्यापर्यंत पुरळ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. झुवैना ते बोटांवर धरून होती. कोळ्यांची गाडी मासे आणायला उम्म सिदरला जाई, तिच्यावर बसून ती दिवसाआड जाऊन येई. आली की मला सांगे, ठीक आहे. आणि पुन्हा फरशी पुसायला लागे. पुसलेलीच पुसत असे. डॉक्टर एकदा म्हणाले, "उम्म खलफान, फरशी झिजेल." ती म्हणाली, "मग नवी घाला. सरकारची आहे."

आठव्या दिवशी ती धावत आली. पोरीला ताप होता.

"किती?"

"हात लावून बघितला. पुष्कळ."

डॉक्टर स्वतः गेले. मीही गेले. झुवैना गाडीत खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होती आणि पुसत होती. डॉक्टरांनी पोरीच्या गालाच्या आत बॅटरी मारली, खूप वेळ बघितलं, मग कान, मग छाती. शेवटी म्हणाले, "आत गोवराचे ठिपके नाहीत. लशीचाही ताप येतो, आठव्या-दहाव्या दिवशी. तो असू शकतो."

"असू शकतो म्हणजे?" झुवैनाने विचारलं.

"म्हणजे दोन दिवसांनी कळेल."

"हे तुम्हा डॉक्टरांचं बरं असतं," दारातून म्हातारी म्हणाली. "आम्ही पण दोन दिवसांनी कळेल असंच सांगतो."

ती रात्र आणि पुढची रात्र झुवैना उम्म सिदरलाच राहिली. मी घरी देवापुढे दिवा लावताना कुणासाठी काय मागायचं ते मला ठरवता येईना. पोर बरी व्हावी, हे तर होतंच. पण झुवैनासाठी काय मागायचं? नसरा परत येणार नव्हती. 

तिसऱ्या दिवशी मासळीच्या गाडीतून ती उतरली. केंद्राच्या पायऱ्या चढून आली, बादली उचलली. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ताप उतरला," ती म्हणाली. "सकाळी म्हातारीची काठी चावत होती."

चौदावा दिवस गेला, सोळावा गेला. पुरळ आलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. मी रजिस्टर काढलं. रय्या बिन्त ओबैदपुढच्या लाल शब्दावर आडवी रेघ मारायची, शेजारी निळ्या शाईने लशीची तारीख घालायची आणि कंसात मोझा लिहायचं, असं मी ठरवलं होतं. पट्टी ठेवली. झुवैना पडवी पुसत होती. दारातून तिला दिसलं असावं.

"खोडू नकोस," ती म्हणाली.

"चुकीचं आहे ते. वरून कुणी तपासायला आलं तर..."

"आलं तर सांग, झुवैनाने सांगितलं होतं. तारीख शेजारी घाल. ते राहू दे."

मी पट्टी उचलली. ती आत आली. फडकं बादलीत टाकलं, हात अबायाला पुसले आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली. लाल शब्दाकडे बघत होती. तिला तो वाचता येत होता, एवढं खरं.

"सिस्टर, माझं एक काम करशील?"

"सांग."

"बायकांना दुसऱ्यांदा विचारणं मला जमायचं नाही. मी या पंधरा दिवसांत पुष्कळ म्हणून बघितलं. वाटेने जाताना मोठ्याने म्हणून बघितलं. जीभ वळत नाही. तेव्हा तू मला विचारायचं. मी वस्तीवरून आले आणि गेला म्हटलं, गेली म्हटलं, की पेन उचलायच्या आधी मला विचारायचं, उम्म खलफान, नाव गेलं की पोर? मी चिडेन. तोंड फिरवीन, बादली आपटीन, दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही. तरी विचारायचं. आणि मला ठाऊक नसलं तर मला तसंच उलट पावली परत पाठवायचं. ऊन असलं तरी पाठवायचं. पाठवशील ना?"